घरची परिस्थिती आणि पोरांचं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना माझी गाठ दोन्ही प्रकारच्या पालकांशी पडते. काही जण पालकसभेसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येतात, काही जण ड्रायव्हरला पाठवतात. प्रश्न मात्र दोघांचे सारखेच असतात. मराठीत गरिबीला 'परिस्थिती' म्हणायची जुनी रीत आहे. 'त्यांची परिस्थिती नाही' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या परिस्थितीचा आणि पोरांच्या वागण्याचा संबंध काय, हे मला जसं विचारलं जातं तसंच इथे लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

गरिबाघरची पोरं जास्त बिघडतात, हे खरं ना?

विचारता कुणाला, त्यावर आहे. पोलिसांच्या वहीला विचारलं तर उत्तर 'हो' येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालात, पकडल्या गेलेल्या अल्पवयीन मुलांपैकी निम्मी मुलं वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली होती. म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता, त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही: दहातली आठ मुलं आईवडिलांजवळ राहणारी होती. अनाथ, बेवारस, फलाटावर झोपणारं पोर हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते त्या आकड्यांत फार थोडं होतं.

आता मुलांनाच विचारा. नाव न लिहिता, कोऱ्या कागदावर: गेल्या वर्षात काही चोरलंस का, कुणाला मारलंस का, शाळा बुडवलीस का, दारू घेतलीस का? अमेरिकेत १९५० च्या दशकात अशा पाहण्या सुरू झाल्या आणि संशोधक चक्रावले, कारण गरीब-श्रीमंत हा फरक जवळजवळ दिसेनासा झाला. १९७८ साली तिघा समाजशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून, वर्ग आणि गुन्हेगारीचं नातं ही दंतकथा आहे, असंच जाहीर केलं. ते जरा जास्त झालं. किरकोळ भानगडींत फरक नसतो हे खरं. पण लहान वयात सुरू होऊन न थांबणारी, वरचेवर होणारी गंभीर मारामारी हलाखीच्या वस्त्यांत जास्त सापडते. 'जास्त' म्हणजे 'बहुतेक' नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवा. हलाखीत वाढणाऱ्या बहुतेक मुलांची चौकीची पायरी चढायची वेळ कधी येत नाही.

मग पकडली जातात ती त्यांचीच का?

कारण ती दिसतात. विल्यम चॅम्ब्लिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एकाच शाळेतल्या दोन टोळक्यांवर दोन वर्षं नजर ठेवली आणि १९७३ साली ते लिहून काढलं. आठ पोरं खात्यापित्या घरची, सहा कामगारवस्तीतली. शाळा बुडवणं, दारू पिणं, भरधाव गाड्या हाकणं यांत ती आठ जणं काही मागे नव्हती. पण त्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यामुळे उद्योग गावाबाहेर चालायचे. पकडलं तर 'सर, चुकलं' म्हणायची रीत त्यांना घरातच शिकवलेली. त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. ती सहा जणं मात्र कोपऱ्यावर उभी असायची, सगळ्या गावासमोर, आणि पोलिसांना उलट बोलायची.

आपल्याकडे हे वेगळं नाही. घर दहा बाय दहाचं, आत आजी झोपलेली, बहीण अभ्यासाला बसलेली. पोरगं जाणार कुठे? चौकात. पोलिसांची गाडी चौकातून जाते, फार्महाऊसवरून जात नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधलं कलम १२ सांगतं की मुलाला जामीन देणं हा नियम. अपवाद कुठला, तर सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, धोक्यात सापडेल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तर. हेतू चांगलाच आहे. पण वस्तीतल्या मुलाच्या शेजारी कुणीतरी 'नाव असलेला' राहतच असतो, आणि बंगल्याच्या शेजारी बंगलाच असतो. अट एकच, पण वस्तीतल्या पोराला ती जास्त आड येते.

पुण्यातल्या पोर्श अपघाताचं काय? तिथे तर पैसा उघड उघड बोलला.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, आणि सगळा महाराष्ट्र पेटला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांनाही अटक झाली.

मला तेव्हाही असं वाटलं आणि आजही वाटतं, की राग चुकीच्या ठिकाणी गेला. अल्पवयीन मुलाला जामीन मिळणं हे कायद्याला धरूनच आहे. विचारायला हवं होतं ते हे, की मोबाईल चोरलेल्या पोराला तो इतक्या झटपट का मिळत नाही. आणि नमुने बदलल्याचा आरोप ही मुलाच्या वागण्याची गोष्ट नाही. ती मोठ्यांच्या वागण्याची आहे. आपल्या चुकीची किंमत दुसरा कुणीतरी भरतो, हे पोरं घरातच बघून शिकतात.

पैसा आणि वागणं, हा संबंध कुणी नीट तपासलाय का? गरीब घरात अडचणी हजार असतात. दोष नेमका पैशाचाच कशावरून?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, आणि खरा प्रश्न हाच आहे. गरिबीमुळे पोरं बिघडतात, की ज्या कारणांनी घर गरीब राहिलं (व्यसन, आजार, तापट स्वभाव) त्याच कारणांनी पोरंही बिघडतात? हे वेगळं करायचं तर काही घरांना चिठ्ठ्या टाकून पैसे द्यायला हवेत आणि काहींना नाही. असं कोण करणार?

एकदा ते आपोआप घडलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, स्मोकी डोंगरांच्या भागात, ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो १९९३ पासून १,४२० मुलांचा अभ्यास करत होत्या. मुलं सुरुवातीला ९, ११ आणि १३ वर्षांची. त्यांतली साधारण पाव मुलं चेरोकी या मूलनिवासी जमातीची होती. अभ्यास अर्ध्यावर असताना चेरोकींच्या राखीव भूमीवर कॅसिनो निघाला, आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. अर्ज नाही, अट नाही, दारूडा आहेस की देवमाणूस हे कुणी विचारलं नाही. वर्षातून दोनदा पैसे. २००१ पर्यंत ही रक्कम माणशी वर्षाला ६,००० डॉलरच्या आसपास गेली. मुलांचा वाटा ती १८ वर्षांची होईपर्यंत राखून ठेवलेला.

कॉस्टेलोंच्या हातात आधीची चार वर्षं होती आणि नंतरचीही चार. २००३ साली निकाल छापून आले. जी चेरोकी कुटुंबं या पैशामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्या मुलांमधली लक्षणं जवळजवळ ४० टक्क्यांनी घटली आणि कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. जी कुटुंबं वर येऊ शकली नाहीत, त्यांची मुलं होती तिथेच राहिली. आणि घटली ती कुठली लक्षणं? मारामारी, चोरी, मोडतोड, मोठ्यांशी सततचं वाकडं. उदासी आणि भीती होती तेवढीच राहिली.

मला हा निकाल फार आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही. 'पैशाने काही होत नाही' म्हणणाऱ्यांना तो खोटं ठरवतो आणि 'पैशाने सगळं होतं' म्हणणाऱ्यांनाही. याच मुलांवरच्या पुढच्या एका अभ्यासात, सर्वांत गरीब घरांतल्या मुलांचं २१ व्या वर्षापर्यंत सरासरी एक वर्ष जास्त शिक्षण झालं होतं, आणि १६-१७ व्या वर्षी किरकोळ गुन्हा हातून घडण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी निघाली.

पैसे आल्यावर घरात बदललं काय? महागडे क्लास लावले?

नाही. कॉस्टेलोंनी बऱ्याच गोष्टी तपासून पाहिल्या आणि एक नेमकी सापडली: आईवडिलांचं मुलावर लक्ष राहू लागलं. मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, किती वाजता येणार, हे घरात कुणाला तरी माहीत असू लागलं.

वाचताना हे किरकोळ वाटतं. मला ते कळलं एका आईमुळे. सातवीतला मुलगा मारामारीत सापडला म्हणून तिला शाळेने बोलावलं होतं. चार घरची धुणीभांडी. तिने बोटांवर हिशोब मांडला: सकाळी साडेसहाला निघते, दुपारी दोनला घरी, साडेतीनला परत दोन घरं, आठला घरी. मुलाची शाळा साडेबाराला सुटते. "म्हणजे साडेबारा ते दोन तो एकटा, आणि साडेतीन ते आठ एकटा. सहा तास झाले ना मॅडम? सहा तासांत माणूस मुंबईला जाऊन येतो." ती रडली नाही, तिने फक्त हिशोब दिला. संध्याकाळचं एक घर सुटलं तर महिन्याचे अडीच हजार जात होते. तेवढ्या पैशांत तिला दीड तास विकत मिळाला असता.

पैशाच्या चणचणीचा पोरांच्या वागण्यापर्यंतचा दुसरा रस्ता आईबापाच्या माथ्यातून जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतजमिनीचे भाव कोसळले, कर्जं बुडाली. रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांच्या घरी जाऊन निरीक्षणं केली. बिलं थकली की आईबाप खचायचे, मग एकमेकांवर चिडायचे, मग मुलांवर. आज मारायचं, उद्या लाड करायचे, परवा बघायचंच नाही. मुलांचं वागणं त्यातून बिघडत होतं. उत्पन्नाचा आकडा मुलापर्यंत थेट पोचत नाही, तो आईबापाच्या तोंडून आणि हातून पोचतो.

आपल्याकडचं उदाहरण उसाचंच आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, त्याच प्रकारची बुद्धीची कोडी घातली. २०१३ साली निकाल आले: तोच माणूस आधी कमी आणि नंतर जास्त चांगली सोडवत होता. पैशाच्या विवंचनेत डोक्याचा एक कोपरा कायमचा अडकलेला असतो. संध्याकाळी पोरगं काय विचारतंय, ते ऐकायला जागाच उरत नाही.

मग लाडकी बहीणच्या १,५०० रुपयांनी पोरं सुधारतील का?

चेरोकींच्या आकड्यांवरून तसं म्हणायची घाई करू नका. तिथे सुधारली ती दारिद्र्यरेषा ओलांडलेल्या घरांतली मुलं. थोडे पैसे मिळूनही खालीच राहिलेल्या घरांत फरक पडला नव्हता. त्या आईच्या हिशोबात १,५०० रुपयांत एक घरही सुटत नाही. पण ठरलेल्या तारखेला पैसे येणार याची खात्री असली, तर उसनवारीची भांडणं कमी होतात, आणि तेही पोरांच्या कानावर न पडलेलं बरं. तारीख चुकली की मात्र हा फायदा गेला.

याच्या उलट पुरावा नाही का?

आहे, आणि तो दडपून चालणार नाही. स्वीडनमध्ये १९८९ ते १९९३ दरम्यान जन्मलेल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या सरकारी नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या. तळच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरांत वाढलेल्या मुलांना हिंसक गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका वरच्या हिश्श्यापेक्षा जवळजवळ सातपट. मग संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली: एकाचं बालपण ओढाताणीत गेलं, दुसऱ्याचं घर सावरल्यावर. सातपटीचा तो फरक पार नाहीसा झाला. म्हणजे तिथे दोष पैशाचा नव्हता, घराच्याच काही न मोजलेल्या गोष्टींचा होता.

माझं मत सांगते. स्वीडनमध्ये गरीब म्हणजे ज्याला दवाखाना, शाळा आणि पाळणाघर यांची चिंता नाही असा माणूस. जमीन आधीच घातलेली आहे, तिच्यावर थोडं वर-खाली झाल्याने फारसं बिघडत नाही. जिथे पायाखाली जमीनच नाही तिथे पैशाने फरक पडतो. दोन्ही अभ्यास मला पटतात ते याच अर्थाने.

श्रीमंतांच्या पोरांना काय धाड भरलेली असते?

सुनिया लूथर या मूळ भारतीय मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली अमेरिकेतल्या एका श्रीमंत उपनगरातली आणि एका गरीब शहरी वस्तीतली दहावीची मुलं शेजारी ठेवून पाहिली. सिगारेट, दारू, गांजा आणि त्यापुढची नशा, सगळ्यांत श्रीमंत मुलं पुढे निघाली. त्यांनी नंतर जी कारणं शोधली ती दोन: सतत पहिलं येण्याचा दबाव, आणि घरात एकटं पडणं. म्हणजे परत ते 'लक्ष'च. चार घरची कामं करणारी आई सहा तास नसते, आणि दोन कंपन्या चालवणारा बाप बारा तास.

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यातून १९९९ साली एक मजेदार गोष्ट निघाली. गरिबी मुलाला एका बाजूने ढकलते: चणचण, राग, आपलं इथे कुणी नाही ही भावना. श्रीमंती दुसऱ्या बाजूने ढकलते: धोका पत्करायची खुमखुमी, आपल्याला कोण काय करणार हा माज. दोन्ही ढकलण्या एकमेकींना कापतात, म्हणून बेरीज शून्याजवळ दिसते आणि आपण म्हणतो, वर्गाचा काही संबंध नाही.

एका नावाजलेल्या शाळेत नववीतल्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडला. शाळेने माफीनामा मागितला. दुसऱ्या दिवशी तो आला, टाईप केलेला, वडिलांच्या कंपनीच्या लेटरहेडवर, खाली मुलाची सही. मुलाने तो वाचलासुद्धा नव्हता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत मावा खाताना सापडलेल्या मुलाचा दाखला त्याच्या आजोबांच्या हातात दिला गेला. दोन्ही मुलं १४ वर्षांची.

आम्ही काही कमी पडू दिलं नाही, तरी हा असा का?

बहुतेक वेळा, तो १५ वर्षांचा आहे म्हणून. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक भेद सांगितला, तो मी पालकांना नेहमी ऐकवते. काही मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून भांडखोर असतात आणि पुढेही तशीच राहतात. ही फार थोडी. बाकीची बरीचशी तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतात आणि विशी-पंचविशीत रुळावर येतात. घरची परिस्थिती कुठे नडते, तर परत येण्याच्या वाटेवर. एकाच चुकीनंतर एकाला ड्रॉप घेऊन दुसऱ्या कॉलेजात ॲडमिशन मिळते, दुसऱ्याचं शिक्षण तिथेच थांबतं.

वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेलो तर मुलगा सुटेल का?

त्याचं वय काय? अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या ४,६०० कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. मुलींची तब्येत, मन, वागणं सुधारलं. किशोरवयीन मुलगे उलट जास्त बिथरले. जुने मित्र तुटले, नव्या जागी कुणी घेईना. पण जी मुलं तेराच्या आत असताना गेली, ती मोठी होऊन सरासरी ३१ टक्के जास्त कमावू लागली.

पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या घरांतून मी हेच ऐकते. खाली चाळीत दहा मावश्या पोरावर ओरडायच्या. सातव्या मजल्यावर दार लागलं की कुणाला काही कळत नाही. आठवीच्या पुढच्या मुलाला हलवत असाल, तर त्याची जुनी शाळा किंवा जुनी तालीम, एक काहीतरी सोडू नका.

कोयता घेऊन रील टाकणारी पोरं गरिबीमुळेच तसं करतात ना?

भुकेपोटी कुणी तलवारीने केक कापत नाही. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द रोजच्या बातम्यांत आला, तेव्हा मला कोयत्याचा दुसरा अर्थ आठवत राहिला. बीडकडे ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे एक जोडपं, नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यावर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, आणि मागे राहिलेली पोरं म्हाताऱ्यांच्या जिवावर पाच-सहा महिने काढतात. मजुराच्या हातातलं ते हत्यार शहरातल्या पोराला 'भाई' होण्यासाठी लागतं, कारण ते शंभर-दोनशे रुपयांत मिळतं आणि फोटोत चांगलं दिसतं.

त्या पोराला पैशापेक्षा मान हवा असतो. ज्याला वर्गात कधी कुणी उभं करून शाबास म्हटलं नाही, त्याला चौकात फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत फोटो लागला की किती बरं वाटत असेल, विचार करा. फ्लेक्सचे पैसे कोण देतं, हे शोधलंत तर बऱ्याच गोष्टी उलगडतील.

'त्या समाजाची' मुलं तशीच असतात, असं शिक्षकच म्हणतात.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून हेच म्हटलं होतं. जन्माला आला की गुन्हेगार. सोलापूरला त्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. शिक्षकखोलीत तो अजून असेल, तर मुख्याध्यापकांनी त्याची दखल घ्यावी.

मारून, दम देऊन सुधारत नाहीत. मग करायचं काय? कशाने खरंच फरक पडतो?

दोन प्रयोग सांगते, दोन्ही चिठ्ठ्या टाकून केलेले. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाचार असलेल्या भागांतल्या शाळांमधल्या काही मुलांना आठ आठवडे पगारी काम दिलं, सोबत एक मोठा माणूस लक्ष ठेवायला. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. गंमत म्हणजे घट बरीचशी काम संपल्यानंतरची होती. म्हणजे पोरं नुसती कामात गुंतली म्हणून हे झालं नाही.

लायबेरियाची राजधानी मोन्रोव्हियात ९९९ तरुणांवर झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. चोरी, नशा, सुरे यांत मुरलेले तरुण. काहींना आठ आठवडे समुपदेशन, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पैशाचा परिणाम टिकला नाही. समुपदेशन आणि पैसा दोन्ही मिळालेल्यांमधले असले उद्योग दहा वर्षांनीही निम्म्याच्या आसपास घटलेले होते. आमच्या धंद्यातले लोक पहिली अर्धी गोष्ट आवडीने सांगतात, दुसरी विसरतात. पैसे हातात असल्यामुळे त्या पोरांना काही महिने नव्या तऱ्हेने जगून बघता आलं, धड कपडे घालून, छोटासा धंदा मांडून.

घरात, शाळेत हे कसं आणायचं? सहावीपासूनच्या मुलासाठी शाळा सुटल्यापासून घरी मोठं माणूस येईपर्यंतच्या तासांची यादी करा. अभ्यासिका, तालीम, कबड्डी, शेजारची काकू, काहीही चालेल, पण त्या तासांत त्याचं नाव घेऊन 'आज आला नाहीस?' विचारणारं एक माणूस हवं.

मुलाला पोलीस घेऊन गेले. आता?

घाबरू नका, आणि कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. गंभीर म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा नसेल आणि मोठी माणसं सोबत नसतील, तर गुन्हा नोंदवण्याऐवजी नुसती ठाण्याच्या डायरीत नोंद होते.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल भरतील. त्यात उत्पन्नाचा रकाना आहे, शेजारपाजार कसा आहे हेही असतं. तिथे लाजून काही दडवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मुलाकडे लक्ष द्यायला घरात कोण आहे, हे नावानिशी सांगा: मामा, आत्या, शिक्षक. जामीन पुष्कळदा त्यावर अडतो.

पुढे नोकरीला आडवं येईल का?

मोठा माणूस म्हणून खटला चालला नसेल, तर येऊ नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे नोंद ठराविक काळाने नष्ट करायची असते. वर्तमानपत्राला नाव छापायलाही बंदी आहे. शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत असेल तर तोही याच बंदीत येतो, हे त्यांना ऐकवा.

आम्ही हंगामावर जातोय. पोरगं नववीत आहे, आजी ऐकू येत नाही अशी. काय करू?

उचल घेण्याआधी शाळेत जा. हंगामी वसतिगृह गावात चालू होणार आहे का ते विचारा, आणि नुसतं जेवण मिळणार की रात्री झोपायचीही सोय आहे, हे खोदून विचारा. पुष्कळ ठिकाणी पोरं जेवून घरी जातात आणि रात्र मोकळीच राहते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक वसतिगृह मंजूर आहे; तालुक्याला चौकशी करा. काहीच जमलं नाही तर वर्गशिक्षकांचा नंबर घ्या, तुमचा द्या, आणि वार ठरवून फोन करा. फडावरून रेंज येत नसेल तर ट्रॅक्टर कारखान्यावर जातो त्या दिवशी. पोराच्या जिवाचं काही असेल तर १०९८, मन फार खचलेलं वाटलं तर १४४१६, दोन्ही नंबर फुकट आहेत. आजीला ऐकू येत नाही म्हणालात, तर हे नंबर आजीकडे नव्हे, पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.